बॉस्टनच्या शाळा आणि उत्तरदायित्वाचा प्रश्न

एखाद्या लोकनियुक्त संस्थेने नागरिकांच्या एका वर्गावर अन्याय केला असे म्हणावयाचे असेल, तर तो कोणत्या निर्णयाने आणि कोणाच्या संमतीने झाला, हे दाखवून द्यावे लागते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांपुरती ही अडचण नव्हती. तेथे गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवण्याची तरतूद कायद्यातच होती, व १९५४ च्या ब्राउन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती अवैध ठरविली. उत्तरेकडील शहरांची गोष्ट निराळी होती. तेथे असा कायदा नव्हता, आणि तरीही शाळा वेगळ्याच होत्या. याचे उत्तर कोणी द्यावयाचे, हा प्रश्न ज्या शहरांत विशेष तीव्रतेने उभा राहिला, त्यांत बॉस्टनचे स्थान महत्त्वाचे आहे.

बॉस्टनच्या परंपरेकडे पाहता तेथे हा प्रश्न उद्भवावा, हेच आश्चर्य वाटते. विल्यम लॉइड गॅरिसन यांचे ‘लिबरेटर’ हे पत्र १८३१ पासून याच शहरातून निघत असे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील ज्या दास्यविमोचकांच्या सन्मानार्थ अर्पण केला, त्यांच्या चळवळीचे बॉस्टन हे एक प्रमुख केंद्र होते. तथापि त्याच शहरात सारा रॉबर्ट्स या पाच वर्षांच्या मुलीस घराजवळच्या शाळा ओलांडून कृष्णवर्णीयांच्या शाळेत जावे लागे. तिच्या वडिलांनी लावलेल्या खटल्यात चार्ल्स समनर व रॉबर्ट मॉरिस यांनी तिची बाजू मांडली. परंतु १८५० मध्ये मुख्य न्यायाधीश लेम्युएल शॉ यांनी निकाल शाळासमितीच्या बाजूने दिला. न्यायालयात हरलेली ही बाजू विधिमंडळात जिंकली. १८५५ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने वर्णावरून शाळेत प्रवेश नाकारण्यास कायद्याने मनाई केली. कायद्याचा प्रश्न तेथे सुटला. कारभाराचा प्रश्न मात्र पुढे शंभरावर वर्षे शिल्लक राहिला.

विसाव्या शतकाच्या मध्यास बॉस्टनच्या सार्वजनिक शाळा पाच सदस्यांच्या समितीच्या ताब्यात होत्या. हे सदस्य दर दोन वर्षांनी निवडून येत आणि ते कोणत्याही एका विभागाचे नसून साऱ्या शहराच्या मतांवर निवडले जात. वरवर पाहता याहून अधिक उत्तरदायी व्यवस्था संभवत नाही. वस्तुतः या पद्धतीत रॉक्सबरीसारख्या भागातील कृष्णवर्णीय मतदारांचे मत बहुसंख्याकांच्या मतांत विरून जाई. रूथ बॅट्सन १९५१ मध्ये या समितीसाठी उभ्या राहिल्या व पराभूत झाल्या. विसाव्या शतकात समितीवर निवडून आलेले पहिले कृष्णवर्णीय सदस्य म्हणजे जॉन ओब्रायंट. त्यांची निवड १९७७ साली झाली. तोपर्यंत समितीचे मोठे निर्णय होऊन गेले होते.

याच बॅट्सन यांनी ११ जून १९६३ रोजी ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल’ या संस्थेच्या वतीने समितीपुढे १४ मागण्या ठेवल्या. त्यांतील काहींचा विचार करण्यास समिती तयार होती. पण शहराच्या शाळांत वस्तुस्थितीने पृथक्करण आहे, एवढी कबुली देण्यास अध्यक्षा लुईझ डे हिक्स व त्यांचे बहुसंख्य सहकारी तयार झाले नाहीत. हा वाद केवळ शब्दाचा नव्हता. वस्तुस्थिती मान्य केली की तिच्या कारणांची चौकशी करावी लागते, आणि कारणांची चौकशी समितीच्या दप्तरापर्यंत पोहोचते. आठवड्याभराने, १८ जून रोजी, हजारो विद्यार्थी निषेधार्थ शाळेत गेले नाहीत. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधील निवडणुकीत मात्र सर्वांत अधिक मते श्रीमती हिक्स यांनाच मिळाली. समितीस आपण कोणास उत्तरदायी आहोत हे पक्के ठाऊक होते, असा याचा अर्थ होतो.

राज्य सरकारने यावर जो उपाय योजला तो आर्थिक होता. ऑगस्ट १९६५ मध्ये वांशिक असमतोलाचा कायदा संमत झाला. ज्या शाळेत निम्म्याहून अधिक विद्यार्थी गौरेतर असतील ती शाळा असमतोल मानावी, स्थानिक समितीने ती सुधारण्याची योजना सादर करावी, आणि ती न केल्यास राज्याचे अनुदान रोखावे, अशी त्याची रचना होती. या कायद्यात एक उणीव होती. केवळ गोऱ्या मुलांची शाळा त्याच्या व्याख्येत असमतोल ठरत नव्हती. त्याहून मोठी उणीव अंमलबजावणीची होती. समिती अपुऱ्या योजना सादर करी, राज्याचे शिक्षणमंडळ अनुदान रोखी, प्रकरण न्यायालयात जाई, आणि दरम्यान आणखी एक शैक्षणिक वर्ष सरे. डॉर्चेस्टरमधील नव्या जोसेफ ली शाळेबाबत १९७१ साली समितीने समतोलाची योजना प्रथम स्वीकारली आणि गोऱ्या पालकांचा विरोध होताच काही आठवड्यांत ती फिरविली. कायदा लागू झाल्यानंतरच्या काळात बॉस्टनमधील असमतोल शाळांची संख्या घटण्याऐवजी वाढत गेली.

मार्च १९७२ मध्ये कृष्णवर्णीय पालकांनी संघीय न्यायालयात खटला दाखल केला. मॉर्गन विरुद्ध हेनिगन या नावाने तो ओळखला जातो. २१ जून १९७४ रोजी न्यायाधीश आर्थर गॅरिटी यांनी दिलेला निकाल प्रशासनाच्या अभ्यासकाने बारकाईने वाचावा असा आहे; कारण त्याचा मुख्य विषय भावना नसून कार्यालयीन कामकाज हा आहे. शहरातील काही कनिष्ठ शाळांत सहावी ते आठवीचे वर्ग होते, तर काहींत सातवी ते नववीचे. पहिल्या प्रकारच्या शाळांतून मुले नववीत हायस्कुलात जात, दुसऱ्या प्रकारच्या शाळांतून दहावीत. कोणत्या वस्तीतील शाळा कोणत्या प्रकारची ठेवावयाची आणि तिची मुले कोणत्या हायस्कुलात पाठवावयाची, हे समिती ठरवी. या साध्या दिसणाऱ्या मांडणीतून कृष्णवर्णीय व गोऱ्या मुलांचे मार्ग वेगळे होत. बदलीच्या नियमांतील अपवादांमुळे गोऱ्या मुलांस आपल्या वस्तीतील शाळा सोडता येई. साउथ बॉस्टन हायस्कुलात गर्दी मावत नसताना गर्ल्स हायस्कुलात जागा रिकाम्या राहत. शाळांच्या हद्दी, तात्पुरत्या वर्गखोल्या, नव्या इमारतींच्या जागा आणि शिक्षकांच्या नेमणुका यांचीही तीच कथा होती. विद्यार्थ्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश कृष्णवर्णीय असताना शिक्षकांत त्यांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास होते.

यांतील कोणताही एक निर्णय घेतला तर त्याचे निर्दोष स्पष्टीकरण देता येते. न्यायालयाने ते सर्व निर्णय एकत्र मांडले, आणि परिणाम माहीत असूनही समितीने ते वारंवार घेतले, हे समितीच्याच कागदपत्रांवरून दाखविले. म्हणून हे पृथक्करण वस्त्यांच्या रचनेतून आपोआप आलेले नसून हेतुपुरस्सर केलेले आहे, असा निष्कर्ष निघाला. ‘वस्तुस्थितीने’ आणि ‘कायद्याने’ हा भेद उत्तरेत किती फसवा होता, हे त्यातून स्पष्ट झाले.

निकालाने जबाबदारी निश्चित केली. शहरात शांतता मात्र आणली नाही. १२ सप्टेंबर १९७४ रोजी रॉक्सबरीतील मुलांस साउथ बॉस्टनमध्ये नेणाऱ्या बसगाड्यांवर दगडफेक झाली. डिसेंबरमध्ये पुढील वर्षाच्या योजनेस संमती नाकारणाऱ्या समितीच्या तीन सदस्यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी ठरविण्यात आले. वर्षभरानंतर साउथ बॉस्टन हायस्कूल प्रत्यक्ष न्यायालयाच्या नियंत्रणाखाली गेले. न्यायालयाचे सक्रिय नियंत्रण १९८५ पर्यंत चालले आणि त्या काळात चारशेंहून अधिक आदेश निघाले. जे कारभाऱ्यांनी करावयाचे ते न्यायाधीशास करावे लागले.

या व्यवस्थेवरील एक आक्षेप गंभीरपणे घेण्याजोगा आहे. न्यायाधीश मतदारांस उत्तरदायी नसतो, आणि त्याच्या आदेशांचा भार मुख्यतः शहरातील गरीब वस्त्यांवर पडला, मग त्या गोऱ्यांच्या असोत वा कृष्णवर्णीयांच्या. जुलै १९७४ मध्ये डेट्रॉइटच्या मिलिकेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपनगरांस अशा योजनांबाहेर ठेवल्याने सधन कुटुंबांस शहराची हद्द ओलांडणे एवढाच उपाय पुरेसा झाला. १९७० च्या सुमारास नव्वद हजारांहून अधिक असलेली शहरातील विद्यार्थिसंख्या १९८० चे दशक संपताना साठ हजारांच्या खाली आली. या घसरणीचे सारे श्रेय न्यायालयास देणे चुकीचे होईल. जन्मप्रमाण घटत होते, आणि शहर सोडून जाण्याची प्रवृत्ती पूर्वीपासून होती. तथापि शहरापुरताच मर्यादित असलेला उपाय शहराबाहेर पसरलेल्या विषमतेस पुरा पडला नाही, हे मान्य करावे लागेल.

पुढे समितीची रचनाच बदलली. १९८४ पासून तेरा सदस्यांची समिती आली व त्यांतील नऊ विभागवार निवडले जाऊ लागले. १९९२ पासून महापौरांनी नेमलेली समिती अस्तित्वात आली. नोव्हेंबर १९२१ नव्हे, तर त्याच्या शंभर वर्षांनंतरच्या, म्हणजे २०२१ च्या सल्लात्मक मतदानात मोठ्या बहुमताने निवडणुकीची पद्धत परत आणण्याचा कौल दिला गेला; परंतु २०२३ मध्ये त्या दिशेने नगरपरिषदेने संमत केलेला प्रस्ताव महापौरांनी नाकारला.

निवडलेली समिती, न्यायालय आणि नेमलेली समिती अशा तीन व्यवस्था बॉस्टनने अनुभवल्या. प्रत्येकीस कोणीतरी जाब विचारू शकत होते. भेद होता तो जाब विचारणारा कोण, याचा. निवडणुकीमुळे समिती बहुसंख्याकांस बांधलेली राहिली, आणि अल्पसंख्य मुलांच्या पालकांस आपल्या हक्कांसाठी घटनेचा आधार शोधावा लागला. शाळांतील वांशिक न्यायाची चर्चा म्हणूनच निवडणुकीच्या पद्धतीपाशी थांबत नाही. शाळांच्या हद्दी, बदल्यांचे अपवाद व शिक्षकांच्या नेमणुका यांची नोंद कोण ठेवतो, ती कोणास पाहता येते, आणि ती पाहिल्यावर कोणास दाद मागता येते, या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक व्यवस्थेस द्यावी लागतात. बॉस्टनमधील पालकांस ती उत्तरे १९७४ मध्ये मिळाली. त्यासाठी १९६३ पासून त्यांना अकरा वर्षे लागली, आणि तेवढ्या काळात पहिलीत बसलेले मूल हायस्कुलाच्या शेवटच्या वर्षात पोहोचते.