कापलेले नाक आणि पुण्याचा कारागीर

मराठीत नाक हा केवळ श्वासाचा मार्ग नव्हे. नाक कापले जाणे, नाक वर करून चालणे, नाक घासणे असे अब्रूचे सारे व्यवहार आपण नाकाशीच जोडले आहेत. पूर्वी शिक्षा देताना किंवा सूड उगवताना शस्त्र नाकावर चाले, ते याच कारणाने. आणि कापलेले नाक पुन्हा घडविण्याची विद्या या भूमीत वाढली, तीही याच कारणाने. या विद्येचा पुण्याशी निगडित असलेला एक प्रसंग वाचकांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटते.

टिपू सुलतानाविरुद्ध १७९० ते १७९२ या काळात इंग्रज, निजाम व पेशवे एकत्र लढले. इंग्रजी फौजेत बैल हाकणारा एक मराठा शेतकरी टिपूच्या हाती सापडला. इंग्रजी वृत्तान्तात त्याचे नाव ‘कावसजी’ असे उतरले आहे. त्याचे नाक व एक हात छाटण्यात आला. सुमारे वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या वीटकाम करणाऱ्या जातीतील, म्हणजे बहुधा कुंभार असलेल्या, एका कारागिराने त्याला नवे नाक बसवून दिले. मुंबई इलाख्यातील थॉमस क्रूसो आदी इंग्रज वैद्यांनी ही क्रिया होताना पाहिली होती. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात तिची हकीकत चित्रासह छापून आली.

कृती अशी. प्रथम मेणाचे पातळ नाक करून ते उरलेल्या खुंटावर बसवावयाचे. मग तेच मेण सपाट करून कपाळावर ठेवावयाचे, भोवती रेघ ओढावयाची व तेवढी कातडी सोलून काढावयाची. मात्र दोन्ही डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी न कापता ठेवावयाची. जुन्या जखमेच्या कडा ताज्या करून, कातडी पिळा देऊन खाली वळवावयाची आणि तिच्या कडा खाचेत बसवावयाच्या. वर पाण्यात कालवलेल्या काताच्या कापडी पट्ट्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेली फडकी. नाकपुड्या मोकळ्या राहाव्यात म्हणून दहाव्या दिवशी आत मऊ कापडाच्या वाती. आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी ती मधली पट्टी कापून टाकावयाची.

साऱ्या विद्येचे मर्म या पट्टीत आहे. कातडी म्हणजे शरीरावर चढविलेला अंगरखा नव्हे. तिचा अगदी वरचा थर मृत पेशींचा असतो. केस व नखे ज्या केराटिनाची, त्याच द्रव्याने तो भरलेला असतो. आतले पाणी आत व बाहेरचे जंतू बाहेर ठेवणे हे त्याचे काम. परंतु हा थर सतत झिजतो आणि खालच्या जिवंत थरातून पुन्हा भरून येतो. तो जिवंत थर सूक्ष्म रक्तवाहिन्यांवर पोसला जातो. एवढी मोठी कातडी सर्वस्वी तोडली, तर ती नव्या जागी बहुधा काळी पडून मरते. मधल्या पट्टीतून कपाळाचे रक्त येत राहते, तोवर नाकाच्या बाजूने नव्या वाहिन्या तीत शिरतात. मग पट्टी तोडली तरी बाधा होत नाही. शिवाय कातडी कोठेही नेली तरी मूळ स्वभाव सोडत नाही. डोक्याची केसाळ कातडी घेतली, तर नाकावर केस उगवतील. कपाळाची कातडी बिनकेसांची, रंगाने व जाडीने नाकाशी जुळणारी. पुण्याच्या कारागिराजवळ सूक्ष्मदर्शक नव्हता. परंपरेने हाती आलेला अनुभव होता. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात पानाच्या मापाने गालाची कातडी घेऊन नाक सांधण्याची रीत सांगितलेली आहे. कपाळाची रीत ही तिचीच पुढची पायरी म्हणावी लागेल.

ती हकीकत वाया गेली नाही. जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाने १८१४ मध्ये लंडनला याच पद्धतीने नाक घडविले व १८१६ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. तेथून ही रीत युरोपभर पसरली. नाकाची मोठी हानी झाली असता कपाळाची कातडी वापरण्याची पद्धत आजही शल्यचिकित्सेत रूढ आहे.

आमचे आयुष्य सरकारी दप्तरात गेले. कागदावर साक्षीदाराचे नाव असते, अर्जदाराचे असते. काम ज्याच्या हातून झाले त्याचे मात्र अनेकदा नसते, हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. येथेही तेच घडले. गाडीवानाचे नाव राहिले, पाहणाऱ्या वैद्याचे राहिले, लंडनच्या शल्यविशारदाचे तर ग्रंथावरच छापले गेले. ज्याने नाक घडविले, त्याची केवळ जात नोंदली गेली. दोष केवळ परक्यांचा नव्हे. अशा कारागिराचे नाव टिपून ठेवावे, असे आपल्याकडील लिहित्या मंडळींनाही वाटले नाही.

आपल्या घराण्यांपैकी अनेकांनी देशावरून निघताना रुमालांत बांधलेली कागदपत्रे बरोबर आणली. त्यांतील वंशावळी व सनदा आपण जपतो. औषधांच्या वह्या, हिशेबांचे चिठोरे मात्र रद्दीत जातात. पुढच्या वेळी माळा आवरताना तेही एकदा वाचून पाहावे. एखाद्या निनावी कारागिराचे नाव कदाचित तेथेच सापडेल.