हुकूम कुणाचा? पत्त्यांच्या नियमांतले चकवे

पारनेरहून बोलतोय. आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. एक जण लिहितो, "दादा, मोबाइलवर कार्ड गेम खेळतो, पण नियमांतले शब्द डोक्यावरून जातात. मी ढ आहे का?"

नाही रे बाबा. हा घोळ पाचशे वर्षं जुना आहे.

आधी आजचं बघू. १९९३ साली रिचर्ड गारफिल्डचा 'मॅजिक: द गॅदरिंग' आला आणि जमवायच्या पत्त्यांचे खेळ जगभर पसरले. त्यात एखादा पत्ता 'इनडिस्ट्रक्टिबल' असतो, म्हणजे तो 'डिस्ट्रॉय' होत नाही. पण 'सॅक्रिफाइस' करायला लावला की गेलाच! आपल्या बोलण्यात दोन्हींचा अर्थ एकच, 'मेला'. खेळात मात्र दोन वेगळ्या गोष्टी.

आता म्हणाल, आपले पत्ते बरे, सरळ आहेत. खरंच? मराठीत 'हुकूम' म्हणजे त्या डावात इतर रंगांना कापणारा रंग. मग तो बदामही असेल, चौकटही असेल. हिंदीत मात्र 'हुकुम' हे चक्क इस्पिकचं नाव आहे. पारनेर तालुक्यातली कितीतरी माणसं पोटापाण्यासाठी मुंबईला गेली. तिथे खोलीत उत्तरेकडचा गडी पत्ते पिसायला बसला आणि "हुकुम का इक्का" म्हणाला, तर भांडण ठरलेलंच! मेंढीकोटात तर दश्शीला 'मेंढी' म्हणतात. नवख्याला कसं कळावं?

इंग्रजांचंही तेच. 'क्लब' म्हणजे सोटा, पण पत्त्यावर काढलंय तीन पानांचं पान. कारण नाव जुन्या स्पॅनिश-इटालियन पत्त्यांवरून आलं, चित्र फ्रेंचांकडून. डच लोक त्याला 'क्लावर' म्हणतात. आपलं 'किलवर' आठवलं ना?

आता त्याही मागे जाऊ. १५२७ मध्ये बाबराने सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मुघल गंजिफ्यात ८ रंग, ९६ पाने. त्यातल्या एका रंगाचं नावच 'गुलाम'! आपला गुलाम हे एक चित्र, त्यांचा गुलाम हा अख्खा रंग.

पुढे आपल्याकडे दशावतारी गंजिफा रुजला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत १० रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. एकूण १२० गोल पाने. राणी नाही, हुकूमही नाही. पण चकवा ऐका: पाच रंगांत दहा मोठा आणि एक्का सगळ्यांत लहान, उरलेल्या पाचांत बरोबर उलटं! शिवाय दिवसा डाव बसला तर उतारी रामवाल्याची, रात्री कृष्णवाल्याची. म्हणजे नियम कळायला आधी खिडकीबाहेर बघायचं.

सावंतवाडीत ही कला मरायला टेकली होती. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवींनी कारागिरांना हाताशी धरून ती पुन्हा उभी केली. आज तिथे गंजिफा रंगवला जातो, विकला जातो. पण विकत घेणारे बहुतेक जण तो भिंतीवर लावतात. पाने वाचली, खेळणारे आटले. मला हीच गोष्ट टोचते. खेळ कागदात नसतो, तो 'उतारी', 'हात', 'कोट' अशा शब्दांत असतो. ते शब्द समजणारं कुणी उरलं नाही, की गड्डीची नुसती चित्रं होतात.

म्हणून नवा खेळ शिकताना तीन प्रश्न बिनधास्त विचारा. मोठं पान कुठलं? कापतं काय? आणि या शब्दाचा अर्थ या खेळात काय? विचारणारा ढ नसतो. बाकीचे चारजण त्याच्याच उत्तराची वाट बघत गप्प बसलेले असतात.

आणि एक काम करा. घरातल्या आजोबांना, मामांना पत्त्यांचे शब्द विचारा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. गावागणिक वेगळे निघतील. मला पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. तोवर, पिसा पत्ते!