नावात अडकलेली गाठ

नाव चुकलं तर काय बिघडतं, असं तत्त्वज्ञानाच्या वर्गात विचारलं की मुलं हसायची. आजचा विषय वैद्यकाचा आहे, पण प्रश्न तोच.

१८३८ साली योहानेस म्यूलर या जर्मन शास्त्रज्ञाने स्तनातल्या एका गाठीचं वर्णन केलं. कापल्यावर आत पानांसारखे पदर दिसले, म्हणून ‘फायलोड्स’. ग्रीकमध्ये ‘फायलॉन’ म्हणजे पान. पोकळ्या होत्या म्हणून ‘सिस्टो’, आणि गाठ मांसल म्हणून ‘सार्कोमा’. ‘सार्क्स’ म्हणजे मांस, बस्स. ती गाठ निरुपद्रवी आहे असंच म्यूलरचं मत होतं. पुढे त्याचाच विद्यार्थी विर्खो आणि त्याच्या पिढीने पेशींवरून गाठींची वर्गवारी केली, तेव्हा संयोजी ऊतींच्या कर्करोगाला सार्कोमा म्हणू लागले. शब्द जागेवर राहिला आणि अर्थ सरकला! साध्या गाठीलाही कर्करोगाचं नाव चिकटलं. १९८० च्या दशकात ‘फायलोड्स ट्यूमर’ हे नाव रूढ झालं आणि तिचे साधी, मधली, घातक असे प्रकार मानले गेले.

खरे सार्कोमा स्तनाच्या शंभर कर्करोगांत एखादाही नसतो. नेहमीचा कर्करोग दूधनलिकांच्या अस्तरातून उगवतो आणि बऱ्याचदा काखेकडे सरकतो. सार्कोमा बहुधा रक्तावाटे पसरतो, फुप्फुसात जातो. म्हणून इथे काख साफ करणं सहसा लागत नाही. भोवतीच्या निरोगी कडेसकट गाठ काढणं हा मुख्य उपचार. हॅल्स्टेडच्या पद्धतीत मात्र स्तन, छातीचे स्नायू, काख असं सगळंच काढत. त्यानंतर काहींचा हात वर्षानुवर्षं सुजलेला राही. १९४८ मध्ये स्टुअर्ट आणि ट्रीव्हज यांनी अशा सहा बायकांची नोंद केली: त्या सुजलेल्या हातातच सार्कोमा उगवला होता. किरणोपचारानंतरही, क्वचित का होईना, रक्तवाहिन्यांचा सार्कोमा होतो. उपचारातून रोग, हे मला फार अस्वस्थ करतं.

आपल्याकडे २८ फेब्रुवारी १९४१ ला परळचं टाटा मेमोरियल सुरू झालं. तिथली प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी उभी केली. भारतातल्या विकृतिशास्त्राचे जनक म्हणतात ते हेच. आपल्या जिल्ह्यात लोणीचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९८४ चं. पाथर्डीच्या किंवा अकोल्याच्या बाईला तुकडा तपासायला परळच गाठायला हवं, असं आता राहिलेलं नाही.

पण तुकडा पाठवला तर ना! तरुण बाईची गोल, हलणारी गाठ बघून ‘साधीच आहे’ म्हणायचं, खुडून काढायची आणि टाकून द्यायची, हा खरा धोका. बारीक सुईने काढलेल्या चार पेशींवरून साधी गाठ आणि फायलोड्स यांतला फरक बऱ्याचदा कळत नाही. जाड सुईचा तुकडा लागतो, कधी अख्खी गाठ. अपुरी काढलेली फायलोड्स परत येते. सार्कोमा म्हणण्याआधी केराटिनची तपासणीही करतात, कारण नेहमीचाच कर्करोग कधी कधी सार्कोमाचं सोंग घेतो, आणि उपचार तिथेच बदलतो.

तपासलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपलेला असतो. वर्षांनंतरही त्याचे नवे काप काढता येतात. मुंबईला जाताना फाइलीबरोबर तो ठोकळा आणि काचपट्ट्या मागून न्याव्यात. तिथले डॉक्टर त्या स्वतः पुन्हा बघतात.