हात कुणाचा, चित्र कुणाचं?

आमचं हिंगणघाट म्हटलं की लोकांना कापूस आठवतो, वणा नदी आठवते, मोहता मिल आठवते. बाबा आमटे मूळचे इथले, हे मात्र बरेचजण विसरतात. २६ डिसेंबर १९१४ ला त्यांचा जन्म हिंगणघाटलाच झाला. इथून रेल्वेने बल्लारशाकडे निघालं की वरोरा लागतं. त्या वरोऱ्याला १९४९ साली त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि पुढे आनंदवन उभं राहिलं. दान घेऊन माणूस खचतो, काम मिळालं की ताठ उभा राहतो, हा तिथला साधा हिशेब.

हाच हिशेब कलेला लावून पाहिला तर? म्हणजे, ज्या मुलाचा हात त्याचं ऐकत नाही, त्याचं चित्र कोणी काढायचं?

आपल्याकडची रीत ठाऊकच आहे. बाई मुलाचा हात हातात घेतात, ब्रश फिरवतात, सुंदर मोर तयार होतो. गॅदरिंगला तो भिंतीवर लागतो, आईबाबा फोटो काढतात. सगळ्यांचा हेतू चांगलाच असतो हो. पण मोर बाईंचाच असतो!

साधनांचा इतिहास वाचताना मला एक गोष्ट सारखी जाणवते. त्यातली चांगली साधनं मधला दुसरा हात बाजूला करण्यासाठी निघाली. इटलीत १८०८ च्या सुमारास पेलेग्रिनो तुर्री नावाच्या माणसाने आपल्या अंध मैत्रिणीसाठी, कॅरोलिना फँटोनीसाठी, टाइपरायटरसारखं एक यंत्र केलं. का? तर मनातलं पत्र लेखनिकाला सांगावं लागू नये म्हणून. यंत्र आज उरलेलं नाही, तिची काही पत्रं मात्र उरली आहेत. डब्लिनच्या ख्रिस्ती ब्राउनला सेरेब्रल पाल्सी होती. पाच वर्षांचा असताना त्याने बहिणीच्या हातातला खडू डाव्या पायाच्या बोटांत पकडला. पुढे तो त्याच पायाने चित्रं काढू लागला, लिहू लागला. त्याचं साधन म्हणजे एक खडू, आणि "राहू दे, त्याला करू दे" म्हणणारी आई.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण मुंबईचं. मिठू अलूर यांच्या मुलीला, मालिनीला, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. बुद्धी तल्लख, पण स्नायूंवर ताबा नाही आणि बोललेलं लोकांना कळत नाही. अशा मुलांसाठी शाळाच नव्हती, म्हणून अलूरबाईंनी १९७२ मध्ये स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. त्याच मालिनी चिब यांनी पुढे एका बोटाने टाइप करत आत्मचरित्र लिहिलं. नावच 'वन लिटल फिंगर'. कुणाला तोंडी सांगून लिहून घेतलं असतं तर किती लवकर झालं असतं! पण मग वाक्य कुठे संपवायचं हे कदाचित लिहून घेणाऱ्याने ठरवलं असतं.

मदत घेतली की काम आपलं राहत नाही असं मात्र मुळीच नाही. बाबांचंच बघा. मणक्याच्या आजारामुळे त्यांना बसता येत नसे. १९८५-८६ च्या भारत जोडो यात्रेत तरुण मंडळी सायकलवर आणि बाबा गाडीत आडवे पडून, असा कन्याकुमारीहून उत्तरेकडे प्रवास झाला. यात्रा बाबांची नव्हती असं कोणी म्हणालं का? गाडीने त्यांचं अंग वाहून नेलं. कुठे जायचं, का जायचं, हे त्यांनी ठरवलं.

सगळी गोम इथे आहे. २००९ मध्ये अमेरिकेत टोनी क्वान या आजाराने अंथरुणाला खिळलेल्या चित्रकारासाठी मित्रांनी स्वस्तातल्या चष्म्याच्या फ्रेमला छोटा कॅमेरा लावला, आणि तो नुसत्या बुबुळांनी रेघा ओढू लागला. रेघ कशी वळवायची हे त्याचे डोळे ठरवत होते. आता तर टॅबलेटवर थरथरती रेघ आपोआप सरळ होते आणि दोन शब्द टाकले की संगणक आख्खं चित्र काढून देतो. मुलाला तेच हवं असेल तर आनंद आहे. पण त्याला वाकडी रेघच आवडली असेल तर? मग यंत्राच्या रूपाने बाईच परत आल्या म्हणायच्या, फक्त या वेळी हात दिसत नाही.

म्हणून नवं साधन घरात आणणाऱ्या आईबाबांनी, काकाआत्यांनी किंमत आणि कंपनी जरूर बघावी, पण आणखी दोन गोष्टी बघाव्यात. मुलाला "हे नको" म्हणता येतंय का? आणि चित्र "झालं" हे कोण सांगतंय? तेवढं त्याच्या हाती राहिलं तर मोराला तीन पाय आले तरी चालतील.

भिंतीवर तोच लावा.