स्टोचें उद्यान

इंग्लंडमधील बकिंगहॅमशर परगण्यांत स्टो नांवाचा एक प्रशस्त वाडा आहे. त्याच्या उद्यानाच्या कडेला उभें राहिलें, तर हिरवळ थेट पलीकडच्या कुरणांत मिसळून गेलेली दिसते. मध्यें कुंपण म्हणून कांहीं दृष्टीस पडत नाहीं. तें नसतें असें मात्र नाहीं. जमिनींत खोल चर खणून त्याची आंतली बाजू भिंतीनें बांधून काढलेली असते. गुरें अलीकडे येऊं शकत नाहींत, आणि पाहणाऱ्यास वाटतें कीं, नजर पोंचेल तेथवर सारें एकाच धन्याचें! चार्ल्स ब्रिजमन या रचनाकारानें अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत येथें ही युक्ति योजली. नको तें दृष्टीआड करावें, हें या कलेचें पहिलें सूत्र होय.

उद्यानाचा धनी लॉर्ड कॉबम हा मार्लबरोच्या हाताखालीं लढलेला सेनानी. त्याचें आडनांव टेंपल, म्हणजे देऊळ. म्हणून कीं काय, त्यानें देवळांची रांगच उठविली. १७३३ सालीं जकातीच्या प्रश्नावर मुख्य प्रधान वॉल्पोल याच्याशीं त्याचें बिनसलें आणि त्याची पलटण काढून घेण्यांत आली. मग त्यानें आपला राग दगडांत कोरविला. विल्यम केंटकडून त्यानें प्राचीन सद्गुणांचें एक सुबक मंदिर बांधविलें. जवळच अर्वाचीन सद्गुणांचें मंदिर उभारलें, तें मुद्दाम पडकें. त्यांत शिर नसलेला पुतळा. तो कोणाचा, हें पाहुण्यांस सांगावें लागत नसे. समोर पाण्यापलीकडे शेक्सपिअर, मिल्टन, न्यूटन, अन्याय्य कराला विरोध करणारा हॅम्पडन अशा सोळा थोर ब्रिटिशांचे अर्धपुतळे बसविले. १७४१ सालीं स्वातंत्र्यदेवतेच्या मंदिराचेंही काम सुरू झालें.

त्याच सालीं पंचवीस वर्षांचा लॅन्सेलॉट ब्राउन येथें माळ्यांचा प्रमुख म्हणून आला. पुढें सबंध देशाच्या उद्यानांचें रूप पालटणाऱ्या या माणसानें येथें एक अखंड दरी खणून काढविली, तीहि कुदळ, फावडें आणि ढकलगाडी यांच्या बळावर. आज ती पाहतां निसर्गानेंच घडविली असें वाटतें.

परंतु श्रोतेहो, येथें पूर्वीं स्टो नांवाचें गांव होतें. उद्यान वाढत गेलें तसतसें तें उठलें. शेतकऱ्यांच्या घरांपैकीं कांहींच उरलें नाहीं. स्वातंत्र्याला मंदिर बांधणाऱ्या धन्यास यांत कांहीं विसंगति वाटली असेल, असें त्याच्या उद्यानांत तरी कोठें दिसत नाहीं. मध्ययुगीन चर्च तेवढें राहिलें. वाड्याच्या अगदीं जवळ असूनहि झाडांआड असें दडविलें आहे, कीं अनोळखी मनुष्य बाजूनें निघून जाईल.

वाड्याचें वैभवहि टिकलें नाहीं. वंशजांच्या कर्जापायीं १८४८ सालीं आंतील सामानाचा लिलांव झाला, तो चाळीस दिवस चालला होता. १९२३ सालीं वाड्यांत शाळा आली. उद्यान १९८९ पासून नॅशनल ट्रस्टकडे आहे. देवळांची डागडुजी झाली, पुतळे पुन्हां उभे राहिले. चर्च अजून त्याच झाडांमागें आहे.