काइनिन्सो : एका समुद्रशेवाळाचा पूर्ववृत्तांत

जपानच्या दक्षिणेस, क्यूशूपासून रिउक्यू द्वीपमालेकडे पसरत गेलेल्या उष्ण समुद्रात, प्रवाळांच्या खडकांना चिकटून एक तांबूस-जांभळे, दाट केसाळ फांद्यांचे शेवाळ वाढते. वनस्पतिशास्त्राच्या दप्तरी त्याची नोंद डिजेनिया सिम्प्लेक्स अशी असली तरी जपानी लोक त्यास काइनिन्सो किंवा माकुरी म्हणतात. पोटातील जंत पाडण्यासाठी त्याचा काढा देण्याची वहिवाट त्या देशात हजारएक वर्षे चालत आलेली आहे. या ओबडधोबड औषधीच्या पोटी असे एक द्रव्य दडलेले होते की, ज्याने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेंदूतील संदेशवहनाचे कितीतरी गूढ उकलले. परंतु ते द्रव्य प्रयोगशाळेच्या कपाटात कोठून आले, हे ते रोज हाताळणाऱ्यांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असते, आणि म्हणूनच हा वृत्तांत जरा मुळापासून सांगितला पाहिजे.

माकुरीचा उपयोग केवळ जंतांपुरता नव्हता. नवजात अर्भक आईच्या उदरातून काही दोष घेऊन जन्मास येते आणि तो दोष पहिल्या दुधापूर्वी शरीराबाहेर गेला पाहिजे, या समजुतीने एदो काळात बाळास माकुरीचा काढा, बहुधा ज्येष्ठमधासारख्या सौम्य द्रव्याची जोड देऊन, चाटवीत असत. आपल्याकडे आजीच्या हातची सहाणेवर उगाळलेली बाळगुटी ज्या श्रद्धेने दिली जाई, त्याच श्रद्धेचे हे जपानी रूप होय. मूल वाढू लागले म्हणजे माकुरी पुन्हा घरात येई, आणि त्या वेळी मात्र तिचे प्रयोजन समजुतीचे नसून प्रत्यक्ष होते. जपानी शेतीचा सारा डोलारा सोनखतावर उभा होता. शहरांतील मैला विकत घेऊन शेतकरी तो भाजीच्या वाफ्यांना घालीत, आणि त्या भाजीवाटे गोल जंतांची अंडी पुन्हा माणसाच्या पोटात जात. जमिनीचा कस राखणारी ही व्यवस्था जितकी काटकसरीची होती तितकीच जंतांच्या पथ्यावर पडणारी होती. पोट फुगलेली, फिकट पडलेली, रात्री दात खाणारी मुले हे या अर्थकारणाचे दुसरे अंग होते. ते विसरून जुन्या कृषिव्यवस्थेचे गोडवे गाणे मला उचित वाटत नाही.

अशा मुलुखात जंताच्या औषधाला बाजारभाव येणे क्रमप्राप्तच होते. शेवाळ काढण्यासाठी पाणबुडे दूरदूरच्या प्रवाळबेटांवर जाऊ लागले. दक्षिण चीनच्या समुद्रातील प्रातास बेटावर निशिझावा योशिजी नावाच्या जपानी व्यापाऱ्याने १९०७ साली आपली माणसे उतरवून ताबा सांगितला, तेव्हा पक्ष्यांच्या विष्ठेचे खत हे त्याचे मुख्य लक्ष्य होते. १९०९ मध्ये चीनच्या बादशाही सरकारने मोबदला मोजून बेट परत मिळविले. तथापि पुढे कित्येक वर्षे जपानी अंमलाखालील प्रदेशांतून पाणबुडे काइनिन्सोसाठी त्या किनाऱ्याकडे जात राहिले. माकुरीला प्रतिस्पर्धी होते ते सँटोनिन. हे द्रव्य दवण्याच्या जातकुळीतील एका मध्य आशियाई झुडपापासून निघे, त्याचा जणू मक्ताच रशियाकडे होता, आणि ते घेतलेल्या रोग्यास काही काळ सर्व सृष्टी पिवळी दिसे. पुढे क्योतोच्या मिबू भागात त्याच कुळातील वनस्पतीची लागवड करून जपान्यांनी ते परावलंबन तोडले, हा उद्योगाच्या इतिहासातील एक स्वतंत्र अध्याय आहे. येथे त्यात शिरण्याचे कारण नाही.

१९३१ साली जपान सरकारने परोपजीवी कृमींच्या प्रतिबंधाचा कायदा केला. परंतु त्यानंतरच्या युद्धाने आणि त्या पाठोपाठ आलेल्या दुर्भिक्षाने परिस्थिती इतकी बिघडली की, १९४५ नंतरच्या काही वर्षांत निम्म्याहून अधिक लोकसंख्येच्या पोटात गोल जंत होते. शाळाशाळांतून मोहीम निघाली. मोठ्या कढईत काइनिन्सो उकळून त्याचा मातकट, समुद्राच्या वासाचा काढा मुलांना ओळीने पाजण्यात येई, आणि त्या चवीची आठवण त्या पिढीतील असंख्य जपानी माणसांनी जन्मभर बाळगली.

या मोहिमेच्या ऐन भरात, १९५३ साली, ओसाका विद्यापीठातील मुराकामी, ताकेमोतो आणि शिमिझु यांनी काइनिन्सोतील कृमिनाशक सत्त्व शुद्ध स्फटिकरूपात वेगळे केले आणि त्यास शेवाळाच्याच नावावरून कायनिक आम्ल म्हटले. परंपरेने ज्याचा भारा उकळावा लागे त्याचे काम आता काही मिलिग्रॅम करू लागले. त्सुनेमात्सु ताकेमोतो यांचे वैशिष्ट्य असे की, लोकांच्या औषधज्ञानाला ते भाबडेपणाने शरण गेले नाहीत आणि त्याची हेटाळणीही त्यांनी केली नाही. जेथे जेथे जंतासाठी एखादी वनस्पती दिली जाते तेथे तेथे शोधण्याजोगे काही असणार, असा त्यांचा दृढ विश्वास असावा. तोकुनोशिमा बेटावर दोमोइ नावाच्या शेवाळाचा असाच उपयोग होई. त्यातून १९५८ च्या सुमारास डोमोइक आम्ल निघाले. चिनी वैद्यकात ज्या वेलीच्या बिया जंतावर देतात, आणि जी आपल्या अंगणात मधुमालती या नावाने पांढऱ्या-गुलाबी-तांबड्या फुलांचे घोस मिरवते, तिच्या बियांतून पुढे क्विस्क्वॅलिक आम्ल निघाले. तीन वेगवेगळ्या वनस्पती, तीन वेगवेगळी आम्ले. पण तिन्हींच्या रेणूच्या गाभ्यात आकृती एकच, आणि ती म्हणजे ग्लुटामिक आम्लाची.

ग्लुटामिक आम्लाशी जपानचा संबंध आधीचाच होता. १९०८ साली तोक्यो येथे किकुनाए इकेदा यांनी कोंबू या खाद्य शेवाळाच्या रश्श्यातून तेच आम्ल वेगळे करून त्याच्या चवीस रसशास्त्रात स्थान मिळवून दिले होते. केइओ विद्यापीठाच्या हायाशी यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी कुत्र्याच्या मेंदूवर ग्लुटामेटचा, म्हणजे याच आम्लाच्या क्षाराचा, द्राव टाकला असता त्यास अपस्माराचे झटके येतात असे दाखविले, आणि त्याच दशकाच्या अखेरीस कॅनबेरा येथे कर्टिस, फिलिस व वॉटकिन्स यांनी मांजराच्या मज्जारज्जूतील पेशी ग्लुटामेटने उद्दीपित होतात हे नोंदविले. तरीही, जे द्रव्य शरीरात सर्वत्र अन्नांश म्हणून वावरते तेच पेशी-पेशींमधील निरोप्या असेल, हे मान्य करण्यास बहुसंख्य शास्त्रज्ञांचे मन धजत नव्हते. ही कोंडी फोडण्यात मोठा वाटा १९७० साली शिनोझाकी आणि कोनिशी यांनी उंदराच्या मेंदूवर केलेल्या एका साध्या परीक्षणाचा होता. त्यांनी तपासली होती कृमिनाशके आणि कीटकनाशके. त्यांत कायनिक आम्ल हे ग्लुटामेटहून कितीतरी तीव्र उद्दीपक ठरले. या संपूर्ण इतिहासाचा सांधा मी याच शोधात मानतो, कारण शाळेतील काढा आणि मेंदूचे शरीरशास्त्र हे दोन प्रवाह येथे प्रथमच एकत्र आले.

यानंतरचा भाग वाचताना मन थोडे विषण्ण होते. सेंट लुईस येथील जॉन ऑल्नी यांनी १९६९ साली दाखविले होते की, अति उद्दीपनाने चेतापेशी अक्षरशः मरतात. १९७४ मध्ये त्यांनीच कायनिक आम्ल या कामी ग्लुटामेटहून फार प्रबळ असल्याचे सिद्ध केले. मग १९७६ साली बाल्टिमोरमध्ये कॉयल आणि श्वार्झ यांनी उंदराच्या मेंदूत त्याचे सूक्ष्म इंजेक्शन देऊन हंटिंग्टनच्या व्याधीची प्रतिकृती निर्माण केली, आणि दोनच वर्षांत नॅडलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतीशी निगडित अशा हिपोकॅम्पस भागातील हानीचा अपस्माराशी असलेला संबंध त्याच द्रव्याने उलगडला. इंजेक्शनच्या जागेतून केवळ जाणारे तंतू शाबूत राहून तेथील पेशीच नष्ट होत, हा कायनिक आम्लाचा विशेष गुण. मुलांना हेच द्रव्य पाजले गेले होते हे आठवून वाचक दचकेल. परंतु औषधाची मात्रा अल्प होती, आणि रक्त व मेंदू यांच्यामधील आवरण कायनिक आम्लास सहजी आत येऊ देत नाही. त्याच्या भाऊबंदांबाबत मात्र असे निश्चिंत राहता आले नाही. १९८७ साली कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावरील, कोकणात ज्यांना शिनाणे म्हणतात त्या जातीचे शिंपले खाऊन १०७ जण आजारी पडले, तिघे दगावले आणि काहींची स्मृती कायमची गेली. हॅलिफॅक्सच्या रसायनज्ञांनी चार-पाच दिवसांत शोधलेला अपराधी म्हणजे ताकेमोतोंचेच डोमोइक आम्ल. आपल्या विदर्भात व मध्य प्रदेशात दुष्काळात लाखेच्या डाळीवर गुजराण करणाऱ्यांचे पाय ज्या विषाने लुळे पडत, आणि जे १९६४ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत वेगळे करण्यात आले, तेही पेशीवरील, ग्लुटामेटचाच निरोप स्वीकारणाऱ्या ग्राहींवर घाला घालते.

आता मुख्य मुद्दा. १९८१ च्या सुमारास ग्लुटामेटच्या ग्राहींची वर्गवारी होऊन त्यांतील एका गटास कायनिक आम्लावरून कायनेटचे नाव मिळाले. दुसरा जो ॲम्पा गट, त्यावर कायनिक आम्ल काम करते खरे, पण अर्धवट. ग्लुटामेटने ग्राहीचे दार पूर्ण उघडते आणि क्षणार्धात मिटते, तर कायनेटने ते किलकिले होते परंतु तसेच राहते. ही अपूर्णताच उपकारक ठरली. १९८९ साली सॅल्क संस्थेत हॉलमन आणि हाइनमन यांच्या चमूने आफ्रिकी बेडकाच्या अंड्यांत मेंदूची जनुके घालून पहिले ग्लुटामेट-ग्राही शोधले, ते कायनेटने सुरू होणाऱ्या या न मिटणाऱ्या विद्युत्प्रवाहाच्या मागावर राहूनच. १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एरिक गूओ यांच्या प्रयोगशाळेने कायनेट धरून बसलेल्या ग्राहीच्या अंशाची स्फटिकरचना उलगडली, आणि दोन वर्षांनी या अर्धवटपणाचे कारणही स्पष्ट झाले: ग्राहीचे दोन खंड ग्लुटामेटभोवती सुमारे २० अंशांनी मिटतात, कायनेटभोवती मात्र १२ अंशांनीच, कारण त्याची एक बाजूची शाखा मध्ये अडते. पुढे मेक्सिकोतील एका बाभळीपासून मिळालेल्या विलार्डिइन या द्रव्याची लहान-मोठी रूपे वापरून २००३ मध्ये खंड मिटणे आणि दार उघडणे यांतील हे प्रमाण पायरीपायरीने तपासण्यात आले. उद्दीपन म्हणजे केवळ आहे किंवा नाही असा प्रकार नसून त्याला मापे असतात, ही समज रेणूच्या पातळीवर अर्धवट उद्दीपकांनीच दिली. पूर्ण उद्दीपकांनी ती कधीच दिली नसती.

मधल्या काळात जपानमध्ये सोनखताची जागा रासायनिक खतांनी घेतली, नवी औषधे आली, जंत नाहीसे होत गेले आणि काइनिन्सोची मागणीही ओसरली. सत्त्व काढण्याचा धंदा तैवानात थोडाफार टिकला होता. १९९९ च्या सुमारास तो थांबताच जगभरच्या प्रयोगशाळांत टंचाई होऊन किमती भडकल्या. ऑपोल्झर आणि थिरिंग यांनी १९८२ साली जिनिव्हात कायनिक आम्ल कृत्रिम रीतीने बनविले होते, पण मागणी भागविण्याइतके ते सोपे नव्हते. अखेर २०१९ साली सॅन डिएगोच्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी शेवाळाची स्वतःची रीत हुडकली: दोन विकरांपैकी पहिले ग्लुटामिक आम्लाला एक छोटी शाखा जोडते आणि दुसरे त्या शाखेसह वलय जुळविते. त्या दुसऱ्या विकराचे शेवाळातील जनुक आतड्यातील साध्या जिवाणूंत घालून हे द्रव्य आता ग्रॅमच्या मापाने तयार करता येते.