कुंडीतील गांडूळ

लंडनच्या आग्नेयेस, केंट परगण्यातील डाउन या खेड्यात चार्ल्स डार्विन १८४२ साली राहावयास गेला आणि अखेरपर्यंत तेथेच राहिला. उतारवयात त्याच्या अभ्यासिकेत मातीने भरलेल्या कुंड्या मांडलेल्या असत. त्यांत एकही रोप नव्हते. होती ती केवळ गांडुळे. त्याच काळी इंग्लंडातील काचगृहांचे माळी आपल्या कुंडीत गांडूळ शिरल्याचा संशय येताच चुन्याची निवळी ओतून त्याला बाहेर काढीत व फेकून देत. एकाच्या कुंडीत गांडूळ होते, पण झाड नव्हते. दुसऱ्याच्या कुंडीत झाड होते, पण गांडूळ नको होते. या दोन कुंड्यांची एक कुंडी व्हावयास बराच काळ लोटावा लागला. ज्यांची सारी बाग सरकारी निवासस्थानाच्या व्हरांड्यात किंवा गच्चीवर कुंड्यांतच सामावलेली असते, आणि बदलीचा हुकूम येताच जी सामानाबरोबर ट्रकमध्ये चढवावी लागते, अशा आपल्यासारख्यांना हा विलंब का झाला हे जाणून घेण्याजोगे आहे.

डार्विनच्या आधी गांडुळाची बाजू कोणी घेतलीच नव्हती असे नाही. सेलबोर्न गावचा पाद्री गिल्बर्ट व्हाइट याने १७७७ सालच्या एका पत्रात, गांडुळे नसतील तर जमीन कठीण व नापीक होईल, असा अभिप्राय नोंदविला आहे. माळी आणि शेतकरी यांना मात्र त्यांचा तिटकारा वाटतो, हेही त्याने तेथेच लिहिले. डार्विनचे लक्ष या विषयाकडे वेधले ते त्याच्या मामाने. जोसाया वेजवुड हा त्याचा मामा आणि १८३९ नंतर सासराही. मामाची मुलगी करण्याची चाल फक्त आपल्याकडेच आहे असे समजण्याचे कारण नाही! १८३७ साली डार्विन मामाच्या गावी, मेअर येथे गेला असता मामाने त्याला आपली कुरणे दाखविली. काही वर्षांपूर्वी त्यांवर पसरलेला चुना व कोळशाची राख आता गवताखाली काही इंच खोल सलग थराच्या रूपाने सापडत होती. कोणी पुरले नव्हते, नांगर फिरला नव्हता. ही गांडुळांची करणी असावी, हा तर्क मामाचा. भाच्याने त्याच वर्षी १ नोव्हेंबर रोजी लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळापुढे त्यावर निबंध वाचला.

पुढे जे झाले त्यात डार्विनच्या स्वभावाचे दर्शन घडते. डिसेंबर १८४२ मध्ये त्याने घराजवळच्या शेतात खडूचे तुकडे पसरविले आणि थांबला. एकोणतीस वर्षांनी, नोव्हेंबर १८७१ मध्ये, तेथे चर खणला तेव्हा पांढऱ्या तुकड्यांची ओळ सात इंच खाली लागली. एका प्रयोगाचे उत्तर ऐकण्यासाठी एकोणतीस वर्षे एकाच घरी राहणे ही चैन फिरत्या नोकरीच्या माणसाला कोठून लाभणार!

पण शेतातून कळते ते एवढेच, की गांडुळे माती वर आणतात. गांडूळ स्वतः कसे जगते, काय निवडते, काय टाळते, हे पाहावयाचे तर त्याला डोळ्यांसमोर ठेवणे भाग होते. कुंड्या अभ्यासिकेत आल्या त्या यासाठी. त्या कुंड्यांपुढे धातूची कर्कश शिट्टी वाजविण्यात आली; बसून हे घोगऱ्या आवाजाचे वाद्य मोठ्याने फुंकण्यात आले; गांडुळे ढिम्म राहिली. कुंड्या पियानोवर ठेवून खर्जातील एक स्वर दाबला मात्र, ती झटकन बिळांत शिरली. हवेतून येणारा नाद त्यांना ऐकू येत नव्हता. लाकडातून व मातीतून आलेले कंपन त्यांच्या अंगाला जाणवत होते. कांदा, कोबी, गाजर, रानचेरीची पाने असे नाना पदार्थ त्यांच्यापुढे ठेवून त्यांची आवडनिवड टिपली गेली. बिळाचे तोंड बंद करण्यासाठी ती पाने आत ओढतात. ती कोणत्या टोकाने ओढतात हे पाहण्यासाठी डार्विनने कागदाचे लांबट त्रिकोण कापले. ओढलेल्या ३०३ त्रिकोणांपैकी शेकडा ६२ निमुळत्या टोकाने आत गेले होते. जी बाजू सहज शिरेल ती चाचपून पाहण्याइतकी समज या आंधळ्या जीवाला आहे, असा निष्कर्ष त्याने काढला, आणि तो मांडताना संकोच केला नाही.

ऑक्टोबर १८८१ मध्ये त्याचे गांडुळांवरील पुस्तक निघाले. पुढील एप्रिलमध्ये तो वारला. हे त्याचे शेवटचे पुस्तक. पहिल्या वर्षभरात त्याच्या हजारो प्रती खपल्या. इंग्लंडच्या अनेक भागांत एकरी दहा टनांहून अधिक कोरडी माती दरवर्षी गांडुळांच्या पोटातून जाते, हा त्यातील हिशेब पुढे सर्वतोमुखी झाला. हिंदुस्थानातील वाचकाचे लक्ष मात्र दुसऱ्याच काही पानांवर रेंगाळते. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातील जॉन स्कॉट यांनी तेथील गांडुळांच्या विष्ठेचे मनोरे डार्विनकडे पाठविले होते. त्यांचे सरासरी वजन ३५ ग्रॅम भरले. डॉक्टर किंग यांनी निलगिरीच्या सात हजार फूट उंचीवरून आणलेला सर्वांत मोठा नमुना तर १२३ ग्रॅमांचा होता. पावसाळ्यात मैदानावर दिसणारी आणि आपण बुटाने चिरडून पुढे जातो ती ही वस्तू.

एवढे करूनही डार्विनने आपल्या कुंडीत रोप लावले नाही, कारण त्याचा प्रश्न माळ्याचा नव्हता, भूगर्भशास्त्रज्ञाचा होता. क्षुद्र कारण दीर्घकाळ चालत राहिले तर डोंगर झिजतात व प्राचीन अवशेष गाडले जातात, हे त्याला सिद्ध करावयाचे होते. तरी कुंडीच्या कामाचा एक प्रयोग त्याने जाता जाता नमूद केला आहे. तो हेन्सन या जर्मन शास्त्रज्ञाचा. अठरा इंच व्यासाच्या भांड्यात वाळू भरून, वर गळालेली पाने पसरून, त्यात दोन गांडुळे सोडली. ती पाने खाली ओढून नेऊ लागली आणि सुमारे सहा आठवड्यांत वाळूचा एक सेंटिमीटर जाडीचा थर त्यांच्या पोटातून जाऊन काळ्या कसदार मातीत बदलला. सेंद्रिय मातीच्या कुंडीचे सारे तत्त्व या भांड्यात आहे: वर पाने, खाली जीव, आणि वेळ.

मग माळी चुकत होते काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांची तक्रार अनुभवाची होती. कुंडीत शिरलेले गांडूळ कोवळी मुळे हलवते, निचऱ्यासाठी खाली घातलेल्या खापऱ्यांत माती भरते, भोक बुजते आणि झाड पाण्यात कुजते. मेख अशी की जमिनीतून कुंडीत येणारे गांडूळ बहुधा जमिनीतलेच असे. बुशे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९७० नंतरच्या दशकात गांडुळांची तीन घरे पाडली: खोल उभी बिळे करणारी, मातीतच आडवी फिरून मातीच खाणारी, आणि पालापाचोळ्यात किंवा शेणाच्या ढिगात वरच्या वर राहणारी. डार्विनची थोर गांडुळे पहिल्या घरातील होती. त्यांना हातभर खोलीची माती हवी. दहा इंचांच्या कुंडीत ती कैदीच. कुंडीला मानवते ते तिसऱ्या घरातील, उकिरड्यावरचे तांबूस किडूक, ज्याकडे कोणी आदराने पाहिले नव्हते.

दरम्यान दुसराच वाद माजला होता. म्यूनिकच्या वॉल्नी याने डार्विनच्या म्हणण्यावर शंका घेऊन प्रयोग केले आणि १८९० मध्ये, गांडुळांमुळे पीक वाढते, असा आपल्याच शंकेविरुद्ध निकाल दिला. यावर रॉथमस्टेड येथील रसेल याने १९१० मध्ये बोचरा प्रश्न उपस्थित केला. कोंडलेल्या मातीत गांडुळे मरतात, सडतात, आणि त्यांच्या देहांतील नत्र झाडाला मिळतो. मग वाढीचे श्रेय जिवंत गांडुळाचे की मेलेल्याचे? प्रश्न रास्त होता. गांडुळे टाकून रोप तरारले म्हणजे माती जिवंत झाली असे नव्हे. ते मासळीच्या खताचेच रूपांतर असू शकते. त्याचे समाधानकारक उत्तर १९४८ मध्ये अमेरिकेच्या शेतीखात्यातील हॉप व स्लेटर यांनी दिले. निकस मातीत एकीकडे जिवंत व दुसरीकडे मारलेली गांडुळे घालून त्यांनी तुलना केली. जिवंत गांडुळांच्या मातीतील वाढ स्पष्टपणे सरस ठरली. अन्नाखेरीज आणखी काही गांडूळ देत होते, आणि ते म्हणजे मातीची घडण. त्याच्या आतड्यातून चिकट स्रावासह बाहेर पडलेला मातीचा कण पाण्याने सहज विरघळत नाही. कणाकणांत हवा राहते आणि कणाच्या आत ओल. रोज झारीने पाणी घातल्यामुळे जिची माती थापटून बसते त्या कुंडीला नेमकी याचीच उणीव असते.

या कथेत एक धागा इंदूरचा आहे आणि तो मराठी माणसाने विसरू नये. होळकरांच्या इंदुरात १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी काडीकचरा, शेण, मूत्रमाती व राख यांच्या थरांपासून तीन महिन्यांत खत करण्याची रीत बसविली. तिला इंदूर पद्धत हेच नाव जगभर मिळाले. त्या कामाचे १९३१ सालचे पुस्तक हॉवर्ड यांनी एकट्याने लिहिलेले नाही. मुखपृष्ठावर त्यांच्या जोडीला यशवंत वाड हे नाव आहे. संस्थेच्या रसायन विभागातील हे सहकारी. पुढील चर्चेत हॉवर्ड यांचा उल्लेख शंभरदा येतो आणि वाड यांचा क्वचित. सहलेखकांच्या नशिबी बहुधा हेच येते. इंदूरच्या खड्ड्यात गांडुळाला जागा नव्हती, कारण तो खड्डा आरंभी साठ अंशांच्या वर तापतो आणि गांडूळ पस्तिशीच्या पुढे तग धरत नाही. ते येते ते खड्डा निवल्यावर. तरीही हॉवर्ड गांडुळाचे कट्टर पुरस्कर्ते झाले. १९४५ साली डार्विनचे गांडूळ-पुस्तक लंडनमध्ये नव्याने निघाले तेव्हा त्याची प्रस्तावना त्यांनी लिहिली, आणि भूगर्भशास्त्राचा तो ग्रंथ सेंद्रिय शेतीच्या छावणीत दाखल झाला. माझ्या मते डार्विनची कुंडी आणि माळ्याची कुंडी प्रथम शेजारी आल्या त्या या प्रस्तावनेत.

यानंतरचा इतिहास झपाट्याने सांगता येईल. कॅलिफोर्नियात टॉमस बॅरेट यांनी पेट्यांतून गांडुळे वाढवून १९४७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. मिशिगनमधील मेरी ॲपलहॉफ यांनी १९८२ मध्ये स्वयंपाकघरातील कचरा खाणाऱ्या गांडुळांची पेटी घरोघर नेली. प्रसाराबरोबर अतिशयोक्तीही आली. कनेक्टिकटमधील लंट व जेकबसन यांनी १९४४ साली गांडुळाच्या विष्ठेचे पृथक्करण केले होते. शेजारच्या सहा इंच मातीच्या तुलनेत तिच्यात नायट्रेटरूपी नत्र पाचपट, उपलब्ध स्फुरद सातपट आणि पालाश अकरापट आढळला. हे आकडे आजही खताच्या पिशव्यांवर मिरवतात. ते त्या मातीशी ताडून काढलेले आहेत, हे सांगावयाचे मात्र राहून जाते. गांडूळ स्फुरद किंवा पालाश निर्माण करीत नाही. खाल्लेल्यातले ते झाडाला घेता येईल अशा रूपात ठेवते. उपाशी गांडुळाची विष्ठाही उपाशीच. ओहायो स्टेट विद्यापीठात क्लाइव्ह एडवर्ड्स व त्यांचे सहकारी यांनी २००० च्या सुमारास कुंडीच्या मिश्रणात गांडूळखताचे प्रमाण वाढवीत नेऊन पाहिले. टोमॅटोला पाचवा हिस्सा उत्तम मानवला. निव्वळ गांडूळखतात लावलेली रोपे उलट खुजी राहिली, कारण त्यात क्षार फार. माळ्याचा जुना मापी हात येथे पुन्हा उपयोगी पडतो.

आपल्या गावोगावच्या मुक्कामांत या विद्येचा उपयोग करावयाचा तर दोन शब्द सांगून ठेवतो. अमरकोशात या जीवाची गंडूपद आणि किंचुलक अशी दोन नावे दिली आहेत. पहिल्याशी आपल्या गांडुळाचे नाते दिसते, दुसऱ्यापासून हिंदी केंचुआ आला. उत्तरेत माळ्याजवळ केंचुआच मागावा. विकत मिळतात ती बहुधा युरोपीय वा आफ्रिकी जातीची. पण शेणाच्या जुन्या ढिगाखाली सापडणारे, निळसर जांभळी झाक असलेले पेरिओनिक्स हे आपल्याच देशाचे आणि कुंडीस योग्य असे आहे. कुंडी रुंद असावी, तिला दुपारचे ऊन बाजूने लागू नये, वर वाळक्या पानांचा बोटभर थर सदैव असावा. तुळशीवृंदावन हे आपल्या घरातले मातीचे सर्वांत जुने पात्र. परमुलखात त्याची जागा डालड्याच्या डब्याने घेतली, डबा गेला आणि प्लास्टिकची कुंडी आली. पण तुळशीची गळलेली पाने झाडून उचलून टाकण्याची आपली सवय कायम राहिली. तो तिच्या मातीचाच घास आहे. बदलीच्या वेळीही माती ओतून देण्याची घाई करू नये. ओलसर पोत्यात भरली तर दोन-तीन दिवसांचा प्रवास गांडुळे सोसतात. पेरिओनिक्समध्ये एकच खोड आहे. पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री ते कुंडीच्या काठावर चढून घोळक्याने बाहेर पडते आणि सकाळी व्हरांड्याच्या फरशीवर वाळलेले आढळते. आभाळ भरून आले की त्या संध्याकाळी कुंड्या आडोशाला घेऊन वर गोणपाट टाकावे.